कातळाची पायरी: रोल करायची की ड्रॉप घ्यायचा?

नाशिकच्या डोंगरवाटांवर माउंटन बाइक घेऊन जाणारी नवी मुलं कातळाची पायरी दिसली की तिला सरसकट ‘ड्रॉप’ म्हणतात. उतरताना मात्र तीच पायरी रोल करायला जातात, म्हणजे हळूहळू, ब्रेक दाबत. हँडलवरून पुढे फेकलं जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

रोल करताना दोन्ही चाकं शेवटपर्यंत दगड सोडत नाहीत. पुढचं चाक कडेवरून वळतं, दगडाच्या अंगावरून खाली येतं, मागचं त्याच वाटेने उतरतं. ड्रॉपमध्ये कडेपुढे चाकाखाली काहीच नसतं. सायकल हवेतून जाते आणि दोन्ही चाकं जवळजवळ एकदम टेकतात. वरून पाहिलं तर दोन्ही जागा सारख्याच दिसतात, म्हणून सायकल वर ठेवून खाली उतरायचं आणि पायरी समोरून बघायची.

बघताना उंचीपेक्षा आकाराकडे लक्ष द्या. माणूसभर उंचीचा, गोल पाठीचा धोंडा नीट रोल होऊ शकतो, आणि गुडघ्याएवढी काटकोनी कड होत नाही, कारण पुढचं चाक खाली जाताच चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचं दातेरी चाक, कडेवर आपटतं. आपल्या बेसाल्टमध्ये हे दोन्ही प्रकार भेटतात. लाव्हाचे थर एकावर एक बसले, त्यांना उभ्या भेगा पडल्या. भेगेवरून तुकडा निखळला की कड करवतीने कापल्यासारखी सरळ राहते. तोच दगड वर्षानुवर्षं झिजत गेला की गोल होतो. एकाच उतारावर दोन्ही असतील, तर आधीच्या दगडावर जमलं म्हणून पुढच्यावर जमेलच असं नाही.

वेगाचा हिशोब मांडून बघण्यासारखा आहे. सायकलच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण १.२ मीटर. ताशी १२ किलोमीटर वेगाने पुढचं चाक कड सोडून गेल्यावर मागचं तिथे पोहोचायला सुमारे ०.३६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मोकळी सुटलेली वस्तू साठेक सेंटीमीटर खाली जाते. वेग ताशी १८ केला तर हाच आकडा २८ सेंटीमीटरवर येतो. ड्रॉपवर घाबरून वेग कमी केला की सायकलचं नाक खाली जातं, ते यामुळेच. उरलेला फरक शरीराने भरायचा: कडेजवळ येताना थोडं खाली बसायचं, पुढचं चाक कड सोडताना हात लांब करून सायकल पुढे ढकलायची. हँडल वर ओढायचं नाही. ओढलं की सायकल मागच्या चाकावर आपटते.

रोलमध्ये वेग कमीच हवा. सीट खाली, टाचा खाली, कंबर मागे, नजर दगड संपतो त्याच्याही पुढे. कोरड्या कातळावर पुढचा ब्रेक हलका धरायला हरकत नाही, पण दगड जिथे जमिनीला मिळतो तिथे तो सोडायलाच हवा. आपल्याकडे नेमका तिथेच सुटा मुरूम साठतो, आणि ब्रेक धरलेलं चाक त्यात घसरतं.

पावसाळ्यात कातळावर शेवाळ चढतं, तेव्हा ड्रॉपसाठी धाव घ्यायची जागाच घसरडी होते. तेव्हा सायकल हातात धरून उतरावं. मात्र पायरी टाळायला बाजूच्या गवतातून नवी वाट पाडू नका. अंजनेरीच्या परिसरात तर सेरोपेजिया अंजनेरिकासारखी दुर्मिळ कंदीलपुष्पं आहेत. तिथे चाकाची एक चाकोरीसुद्धा जास्त.

ड्रॉपचा सराव डोंगरावर सुरू करू नये. सोसायटीच्या फुटपाथची वीतभर कड पुरते. उतरताना कान द्या: दोन वेगळे आवाज आले आणि पुढचं चाक आधी टेकलं, तर वेग तरी कमी पडला किंवा हात तरी लांब झाले नाहीत. मागचं आधी आपटलं, तर हँडल ओढलं गेलं. एकच आवाज सलग येऊ लागला की मग गुडघ्याएवढ्या कडेकडे जा.