भट्टी, निखारे आणि कुकर: कोल्हापुरातल्या बिनअंड्याच्या नानकटाई-केकची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या घरोघरच्या वह्यांत केकची कृती साधारण एकाच वळणाची असते. कणीक किंवा मैदा, दही, सोडा, गूळ नाहीतर साखर आणि शेवटी ‘कुकरची शिट्टी व रिंग काढून तळाला मीठ पसरावे’ ही ओळ. नानकटाईच्या कृतीत ‘तूप हलके होईपर्यंत फेसावे, पाणी लावू नये’ एवढेच लिहिलेले असते. असे का, हे बहुधा कुणी लिहीत नाही. या सूचनांची कारणे आपल्याकडे भाजण्याची कला जशी टप्प्याटप्प्याने आली त्यात आहेत. ती ठाऊक असली की बिघडलेला घाणा कशामुळे बिघडला हे लगेच कळते.

भट्टीत भाजलेला पाव पश्चिम किनाऱ्यावर रुजवला तो पोर्तुगिजांनी. १५१० मध्ये गोवा त्यांच्या ताब्यात गेला. तिथे यीस्ट मिळत नव्हते, म्हणून पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरली जाऊ लागली. नानकटाईचे मूळ सुरतेत सांगतात. तिथल्या डच वखारीसाठी चालणारी बेकरी पुढे पारशी कारागिराच्या हाती आली, गोरे गिऱ्हाईक आटल्यावर त्याने स्थानिक चवीला रुचेल असा कोरडा, तुपाचा, बिनअंड्याचा पदार्थ घडवला, अशी ही हकीकत आहे. तो पदार्थ टिकाऊ होता आणि त्यात सूर नव्हती. शाकाहारी घरात बेकरीचा पहिला शिरकाव त्याच्यामार्फत झाला, तो यामुळेच.

शिरकाव सोपा मात्र नव्हता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले आणि टिळक, रानडे यांची नावे त्यात गुंतली, यावरून परक्या हातचे खाणे किती नाजूक बाब होती ते दिसते. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी हा प्रश्न समोरून घेतला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे हॉटेल काढून दिले आणि तिथे स्वतः चहा घेतला. समाजाला असे वळण द्यायला राजा लागला. घरच्या बायकांनी त्यावर आपली वाट काढली: मैदा, तूप, पिठीसाखर, वेलदोडा सगळे घरून न्यायचे, मळणे आपल्या नजरेसमोर, बेकरीवाल्याची फक्त आग. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत पत्र्याचे डबे घेऊन बेकरीसमोर लागणारी रांग हे त्या तडजोडीचे रूप आहे. अंडे पडले नाही याची खात्री आणि भाजणीला भट्टी, दोन्ही गोष्टी त्यात साधत होत्या.

लाकडावरच्या भट्टीचा स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण नानकटाईची कृती त्याला धरूनच बसली आहे. पाव भाजताना भट्टी कडक तापलेली असते. पाव निघाले की ती हळूहळू उतरते, आणि या उतरत्या भट्टीत घरची बिस्किटे जात. तापलेल्या विटांची ऊब वरून-खालून सारखी मिळते आणि नानकटाई कडेने न करपता आतपर्यंत कोरडी होते. घरच्या ओव्हनमध्ये तीच स्थिती आणायची तर १६० ते १६५ अंश आणि १८ ते २० मिनिटे. १८० अंशांवर टाकली की वरून रंग चढतो आणि मधोमध पीठ कच्चे राहते.

प्रमाण असे: २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, २ चमचे बारीक रवा, १२५ ग्रॅम पिठीसाखर, १५० ग्रॅम साजूक तूप, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलदोडा. तूप कणीदार, थिजलेले हवे. परातीत तळहाताने ते पांढरे आणि हलके होईपर्यंत फेसायचे, त्यात साखर, मग चाळलेली पिठे. फेसताना तुपात हवा अडकते आणि खुसखुशीतपणाचा पाया तिथे पडतो. पातळ झालेल्या तुपात हवा धरत नाही. उन्हाळ्यात तूप वितळते, नानकटाई ट्रेवर पसरते आणि दोष मैद्यावर जातो. परात गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून फेसावे आणि वळलेले गोळे भाजण्याआधी १५ मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावेत. पाणी किंवा दूध लागले की मैद्यात चिकटपणा तयार होतो आणि बिस्किट दाताला कडक लागते. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असते, म्हणून तुपाऐवजी तेवढेच लोणी घेऊन चालत नाही. सोडा पिठाबरोबर दोनदा चाळावा, नाहीतर पिवळे ठिपके पडतात आणि तिथे कडवट चव लागते. गरम असताना नानकटाई मऊच असते. कच्ची राहिली असे समजून पुन्हा आत ढकलली की ती करपते. ट्रेवरच निवू द्यावी.

इथल्या नानकटाईला चांगले बळ मिळाले ते म्हशीच्या दुधाने. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून दूध पिणाऱ्या या गावात तुपाची पारख फार जुनी. म्हशीच्या तुपाची कणी मोठी असते आणि ते गाईच्या तुपापेक्षा घट्ट थिजते, म्हणून फेसायला ते उत्तम. १९६३ मध्ये जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपला गोकुळ, उभा राहिल्यावर गावोगावचे दूध संकलनात आले. त्याआधी १९३७ पासून बाजारात असलेल्या डालडाने बेकरीत तुपाची जागा घेतली होती. डालडाची नानकटाई दिसायला सुबक होते, पण तिचा थर टाळूला चिकटून राहतो. घरचे तूप घेऊन भट्टीवर जाण्याचा आग्रह योग्यच होता.

बेकरीतल्या बिस्किटांत फुगवण्यासाठी अमोनियाही (अमोनियम बायकार्बोनेटची पूड) असे. पातळ, कोरड्या बिस्किटातून तो भाजताना पूर्ण उडून जातो; जाड, ओलसर केकमध्ये त्याचा उग्र वास अडकून राहतो. घरच्या केकमध्ये तो घालू नये.

केकचा मार्ग वेगळा आहे. भट्टी नसताना घरात भाजण्याची रीत घाटाखाली आधीपासून होती. काकडी, गूळ आणि तांदळाचा रवा यांचे धोंडस जाड पातेल्यात घालून मंद चुलीवर ठेवतात आणि झाकणावर निखारे पसरतात. गगनबावडा, फोंडा, आंबा या घाटांनी कोकणाशी रोजचा व्यवहार असलेल्या कोल्हापूरला ही रीत परकी नव्हती. शहरात गॅस आला तसे निखारे गेले. देशात स्वयंपाकाचा गॅस १९५५ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि प्रेस्टिज व हॉकिन्सचे कुकर १९५९ मध्ये आले. चुलीची खालची बाजू गॅसने भरून काढली. वरची बाजू कुणीच भरून काढली नाही. कुकरमधल्या केकचा माथा फिका राहतो तो याच कारणाने, त्याला कृतीतला दोष समजू नये.

कुकर इथे दाबासाठी वापरायचाच नाही, तो फक्त जाड झाकणाची भट्टी आहे. शिट्टी आणि रिंग काढली नाही तर केकमधून निघालेली वाफ आत कोंडते, केक वरून चिकट आणि ढोकळ्यासारखा होतो, शिवाय कोरड्या उष्णतेने रबर जळते. तळाला दीड वाटी जाडे मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू, त्यावर जाळी, आणि मध्यम आचेवर १० मिनिटे तापवणे. मग डबा आत, आच अगदी मंद, ४० ते ४५ मिनिटे. कोरडा तापवल्याने ॲल्युमिनियमचा तळ वाकतो, म्हणून रोजच्या कुकरपेक्षा घट्ट झाकणाची जाड कढई घ्यावी. तिच्यात केक अधिक चांगला होतो.

अंड्याशिवाय केक फुगतो तो आंबट आणि सोडा यांच्या संयोगाने. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली, ती पत्नीला यीस्ट सोसत नसे म्हणून. तिला अंडेही चालत नव्हते, त्यामुळे १८३७ मध्ये त्याने बिनअंड्याची कस्टर्ड पावडर आधीच काढली होती. आपल्या शाकाहारी फडताळातले हे दोन्ही डबे एकाच घरातून निघाले. कोल्हापुरात आंबटपणाची बाजू दह्याने सांभाळली आणि तिला जोड मिळाली गुळाची.

१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली, १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची गूळपेठ वसवली, १९०७ मध्ये राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. ऊस, गुऱ्हाळ आणि पेठ यांची साखळी तेव्हापासून जुळली. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. दिवाळी पाडव्याला नव्या गुळाचे सौदे निघतात आणि फराळाच्या दिवसांतच नवा गूळ घरी येतो. या गुळात साखरेपेक्षा ओल जास्त असते, किंचित आंबटपणा असतो आणि तो लवकर रंग धरतो. तिन्ही गुण केकमध्ये दिसतात.

७ इंची डब्यासाठी २०० ग्रॅम कणीक, १५० ग्रॅम किसलेला गूळ, ६० मिली कोमट पाणी, १५० ग्रॅम ताजे आंबटसर दही, ८० मिली तेल, १०० मिली दूध, १ चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, कारण त्यात चिपाडाचे कण असतात. तापलेल्या दुधात घातला तर दूध फाटते. पाक पूर्ण गार झाल्यावरच दही, तेल आणि कणीक मिसळावी. चक्कीच्या कणकेतला कोंडा पाणी सावकाश पितो, म्हणून मिश्रण १० मिनिटे थांबवून मग गरजेपुरते दूध, आणि सोडा-पावडर अगदी शेवटी. सोडा पडल्यापासून फुगे सुटू लागतात. डबा ५ मिनिटांत तापलेल्या कढईत गेला पाहिजे. साबणासारखी चव आणि लालसर काळा रंग आला तर सोडा जास्त झाला. केक मध्ये खचला तर झाकण ३० मिनिटांच्या आत उघडले गेले, किंवा गूळ वाढला. खपली गव्हाचे पीठ नानकटाईला फार छान, पण त्यात चिकटपणा कमी असल्याने केक कापताना भुगा होतो. निम्मी साधी कणीक मिसळावी.

आता घरोघरी ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, आला आहे आणि जुन्या कृती त्यात जशाच्या तशा घातल्या जातात. कढईत वरची आच नव्हती, इथे आहे. गुळाच्या केकला पहिली ३० मिनिटे फक्त खालचा रॉड, १६० अंश. त्यानंतर दोन्ही रॉड ५ ते ८ मिनिटे, एवढ्यात माथ्याला हवा तो रंग येतो. गुळाची नानकटाई करायची तर किसलेला गूळ चालत नाही, तुपात तो विरघळत नाही आणि जळके ठिपके पडतात. चाळलेली कोरडी गूळ पावडर १२० ग्रॅम घ्यावी, तापमान १५० अंशांवर ठेवावे. पावसाळ्यात ती दोन दिवसांत मऊ पडते, म्हणून निवताच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावी.