खोक्यातली पोलादी पट्टी: रायव्हिंग नाइफ की स्प्लिटर?

जुना टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल ब्लेड वर निघालेली करवत, घेतला की त्याच्यासोबत बहुतेकदा एक खोकं येतं. विकणाऱ्याच्या हाताला जे लागलं ते सगळं त्यात भरलेलं असतं: ब्लेड बदलायचे पाने, एखादी ज्यादा थ्रोट प्लेट (ब्लेडभोवतीचं टेबलाचं भोक झाकणारी पाटी), स्प्रिंग लावलेले दातेरी तुकडे आणि एक-दोन पोलादी पट्ट्या. पाने लगेच ओळखू येतात. थ्रोट प्लेट टेबलाच्या भोकात बसवून बघता येते. पट्टीपाशी मात्र गाडं अडतं. ती रायव्हिंग नाइफ असू शकते किंवा स्प्लिटर, आणि पुष्कळ जण दोन्ही एकच समजून चालतात. तसं समजू नये. त्या मशीनवर कोणता काप संरक्षण जागेवर ठेवून घेता येईल आणि कोणत्या कापाला ते काढावं लागेल, हे या पट्टीवरच ठरतं.

दोघांचं मूळ काम एकच. टेबल सॉच्या ब्लेडचे पुढचे दात लाकूड टेबलावर खाली दाबतात आणि मागचे दात टेबलातून वर येत असतात. कापलेलं लाकूड फेन्सपासून, म्हणजे ज्या आडकाठीला टेकवून ते सरकवतात तिच्यापासून, जरा सरकलं, किंवा आतल्या ताणामुळे कापाची चीर मिटली, की लाकूड त्या मागच्या दातांना लागतं, उचललं जातं आणि काम करणाऱ्याच्या दिशेने फेकलं जातं. हाच किकबॅक. 254 मिलिमीटरचं म्हणजे 10 इंची ब्लेड मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास येतो. तेवढ्या वेगाने फळी अंगावर आली तर हात मध्ये घालायलाही वेळ मिळत नाही. ब्लेडच्या मागे चिरेत उभी राहणारी पट्टी लाकडाला मागच्या दातांपासून दूर ठेवते. इथपर्यंत दोघांत काहीच फरक नाही.

फरक आहे तो पट्टी कशाला बांधलेली आहे यात. रायव्हिंग नाइफ आर्बरच्या जोडणीला, म्हणजे ब्लेडला वरखाली करणाऱ्या भागाला बांधलेला असतो. ब्लेड वर केलं की तो वर येतो, खाली नेलं की खाली जातो, तिरकं केलं की तिरका होतो. त्याचं वरचं टोक ब्लेडच्या माथ्यापेक्षा थोडं खाली असतं आणि पुढची कड ब्लेडच्या गोलाईला धरून वळलेली असते. दोघांमधलं अंतर साधारण 3 ते 8 मिलिमीटर ठेवतात. स्प्लिटर मात्र ब्लेडच्या मागे एकाच उंचीवर उभा असतो. तो ब्लेडच्या माथ्याच्या वर निघतो आणि बहुधा ब्लेडचं झाकणही त्याच्यावरच टांगलेलं असतं.

याचा परिणाम मोजून बघण्यासारखा आहे. 254 मिलिमीटरचं ब्लेड टेबलाच्या वर 75 मिलिमीटर असेल, तर टेबलाच्या पातळीवर त्याची मागची कड केंद्रापासून साधारण 116 मिलिमीटर अंतरावर असते. तेच ब्लेड 25 मिलिमीटरवर आणलं, की ते अंतर 76 मिलिमीटर होतं. ब्लेड सरळ रेषेत वरखाली होतं असं धरलं, तर मागची कड सुमारे 40 मिलिमीटर पुढे सरकली. नाइफ तिच्यासोबत राहतो, स्प्लिटर जिथल्या तिथे. म्हणजे पातळ फळी कापताना स्प्लिटरच्या अलीकडे 40 मिलिमीटरची ज्यादा मोकळी जागा तयार होते, आणि फळी वळून मागच्या दातांवर चढायला तेवढी जागा पुरते. नाइफ मला उजवा वाटतो तो मुख्यतः यामुळेच.

दुसरं कारण रोजच्या कामातलं आहे. खाच पाडायची असेल, म्हणजे लाकूड आरपार न कापता अर्ध्या खोलीपर्यंतच कापायचं असेल, तर स्प्लिटर काढावाच लागतो, कारण तो ब्लेडच्या वर निघालेला असतो आणि लाकूड त्याच्यावर आपटतं. काढलेला स्प्लिटर झाकणासकट बाजूला पडतो आणि पुष्कळदा परत बसवलाच जात नाही. जुन्या मशीनच्या खोक्यात तो कोराकरकरीत सापडतो त्याचं कारण बहुधा हेच. नाइफ माथ्याच्या खाली असल्याने अशा कापातही जागेवर राहू शकतो. अपवाद डॅडो सेटचा, म्हणजे रुंद खाच पाडणाऱ्या ब्लेडांच्या संचाचा: 10 इंची मशीनवर तो साधारण 8 इंची असतो, त्यामुळे 10 इंची ब्लेडसाठीचा नाइफ त्याच्या वर निघतो आणि काढावा लागतो.

आता हातातली पट्टी. विळ्यासारखी वळलेली, पुढची कड गोलाईची, बुडाशी खालून उघडी खाच किंवा पिनांसाठी भोकं, आणि अंगावर आकडे कोरलेले, असं असेल तर ती बहुधा रायव्हिंग नाइफ. त्या आकड्यांत सहसा पट्टीची जाडी, ब्लेडचा व्यास आणि चिरेची रुंदी असते. कड जवळपास सरळ, मागे लांब दांडा किंवा कोनी कंस, आणि वर झाकणाची बिजागरी, असं दिसलं तर स्प्लिटर. दातेरी तुकड्यांवरून मात्र निष्कर्ष काढू नका. ते पॉल, म्हणजे लाकूड पुढे जाऊ देणारे पण मागे येताना त्यात रुतणारे दाते. ते दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर बसवलेले आढळतात.

आकाराने फसगतही होते. बऱ्याच नव्या मशीनवरचा नाइफ दोन-तीन उंचींवर अडकवता येतो. वरच्या खाचेत बसवला की तो ब्लेडच्या वर जातो, झाकण आणि पॉल धरतो, आणि उभ्याउभ्या स्प्लिटरसारखाच दिसतो. खालच्या खाचेत तो पुन्हा माथ्याखाली येतो. काही मशीनबरोबर उंच आणि बुटका असे दोन वेगळे नाइफ मिळतात. खोक्यात दोन पट्ट्या निघाल्या म्हणून एक नाइफ आणि एक स्प्लिटर असं धरून चालू नका.

म्हणून खरं उत्तर मशीनच्या पोटात शोधायचं. आधी प्लग काढा. थ्रोट प्लेट उचला आणि ब्लेडच्या मागे पट्टी धरण्याची बैठक कुठे आहे ते बघा. मग हँडल फिरवून ब्लेड पूर्ण वर आणि पूर्ण खाली करा. बैठक ब्लेडसोबत वरखाली झाली तर ती नाइफची. हलली नाही तर स्प्लिटरची. ब्लेड तिरकं करून बघणं पुरेसं नाही, कारण पुष्कळ मशीनवर स्प्लिटरही मागच्या ट्रनियनला, म्हणजे ब्लेड ज्यावर तिरकं होतं त्या आधाराला, बांधलेला असतो आणि ब्लेडसोबत तिरका होतो. मशीनच्या वयावरूनही थोडा अंदाज येतो. युरोपातल्या यंत्रांवर रायव्हिंग नाइफ फार आधीपासून आहे. अमेरिकेत यूएल 987 या मानकामुळे तो नव्या रचनेच्या टेबल सॉसाठी आवश्यक झाला तो 2000 नंतरच्या दशकाच्या अखेरीस, त्यामुळे त्याआधीच्या अमेरिकी घडणीच्या मशीनवर बहुतेकदा स्प्लिटरच सापडेल.

पट्टी ओळखली, बैठकीत बसली, तरी व्हर्नियर कॅलिपर हातात घ्याच. पट्टी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा पातळ हवी. ब्लेडचा पत्रा 2.2 मिलिमीटर आणि चीर 3.2 मिलिमीटर असेल तर 2.5 ते 2.8 मिलिमीटरची पट्टी चालेल. त्याच मशीनवर 2.4 मिलिमीटर चिरेचं पातळ ब्लेड चढवलं, की 2.5 ची पट्टी चिरेत शिरणारच नाही आणि फळी काप अर्ध्यावर असताना अडकेल. मग ती पुढे रेटण्यासाठी जोर लावला जातो, आणि तो जोर ब्लेडच्या अगदी जवळ लागतो. पट्टी पत्र्यापेक्षा पातळ असेल तर उलटं होतं: मिटणारी चीर पट्टीआधी ब्लेडलाच आवळते. जुन्या मशीनसोबत आलेलं ब्लेड मूळचंच असेल असं नाही, म्हणून दोन्ही मोजायचे. शेवटी एक सरळ मोजपट्टी ब्लेडच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी टेकवून नाइफ किंवा स्प्लिटर मधोमध, एका रेषेत आहे ना तेही तपासा.

बैठक नाइफची आणि पट्टी दुसऱ्याच मशीनची निघाली, तर ती घासूनपुसून बसवायच्या भानगडीत पडू नका. गोलाई, जाडी आणि पिनांची जागा यातलं एक जरी चुकलं तरी पट्टी ब्लेडला लागू शकते. मशीनच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक घेऊन त्याचाच सुटा भाग शोधा. बैठक स्प्लिटरची असेल तर रायव्हिंग नाइफ त्यात बसणार नाही. अशा मशीनवर मूळ स्प्लिटर नीट रेषेत लावून वापरणं, किंवा ब्लेडच्या मापाची अरुंद फट असलेल्या थ्रोट प्लेटमध्येच छोटा स्प्लिटर बसवणं, हे दोन मार्ग उरतात. दुसऱ्या मार्गाने लावलेला स्प्लिटर ब्लेड तिरकं करताना आणि खाच पाडताना प्लेटसकट काढावा लागतो. त्यासाठी साधी प्लेट वेगळी ठेवा, आणि ते काम संपलं की पुढच्या आरपार कापाआधी स्प्लिटरची प्लेट परत चढवा.