कामिनोवरचा मुक्काम आणि पैशांची उघडी पेटी

स्पेनमधल्या ग्रान्योन गावात चर्चच्या मनोऱ्याला लागूनच यात्रेकरूंच्या मुक्कामाची जागा आहे. जमिनीवर गाद्या, रात्री सगळ्यांनी मिळून रांधलेलं जेवण आणि एक उघडी पेटी. पेटीवरच्या मजकुराचा अर्थ असा : ‘जमेल तेवढं टाका, लागेल तेवढं घ्या.’ सांतियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या वाटेवर, म्हणजे कामिनोवर, चालत निघालेल्या अनोळखी माणसावर इतका भरवसा टाकायची रीत आली कुठून, हे कळायला हजारभर वर्षं मागे जावं लागतं.

नवव्या शतकात स्पेनच्या वायव्येकडच्या गालिसियात, आज सांतियागो आहे तिथे, येशूचा शिष्य प्रेषित याकोब याची कबर सापडल्याची वार्ता पसरली आणि युरोपभरातून माणसं पायी निघाली. फ्रान्सच्या बाजूने पिरेनीज पर्वत चढायला लागलं की सांतियागोपर्यंत सुमारे ७८० किलोमीटर उरतात. वाटेत अंग टाकायचं कुठे? पहिली सोय मठांनी केली. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीचं ५३वं प्रकरण पाहुण्यांविषयी आहे : दारात येणाऱ्या प्रत्येकाला ख्रिस्तच आला असं मानून घ्यावं. याचं मूळ मत्तयाच्या शुभवर्तमानात. मराठी बायबलात ते वचन ‘परका होतो तेव्हा मला घरात घेतले’ असं येतं. ‘घरात घेतले’ या दोन शब्दांत या सगळ्या सेवेचं सार आहे, असं मला वाटतं.

अशा जागेला तेव्हा ‘ओस्पिताल’ म्हणत. आजचं हॉस्पिटल त्याच शब्दातून आलं, पण तेव्हा त्याचा अर्थ पाहुण्यांचं घर. आजारी यात्रेकरूंची शुश्रूषाही तिथेच व्हायची. पिरेनीजमधल्या रोन्सेस्वाय्येसच्या घाटात बाराव्या शतकात उभं राहिलेलं ओस्पिताल त्यातलं फार मोठं. त्याची थोरवी गाणारं एक लॅटिन काव्य आजही वाचायला मिळतं. तिथे यात्रेकरूंचे पाय धूत, दाढी करत, केस कापत, फाटलेली पायताणं शिवून देत. आणि दार कुणाकुणाला उघडं? निरोग्याला, आजाऱ्याला, ख्रिस्ती माणसाला तसंच ज्यूंना, पाखंडी ठरवलेल्यांना, अगदी रिकामटेकड्यांनाही. ज्या काळात धर्मावरून माणसं मारली जात होती, त्या काळात हे लिहून ठेवलंय. म्हणूनच मला हे काव्य राजेरजवाड्यांच्या देणग्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

सगळेच यजमान असे नव्हते. बाराव्या शतकातल्याच ‘कोदेक्स कालिक्स्तिनुस’ या ग्रंथातलं एक प्रवचन वाटेवरच्या खाणावळवाल्यांना फैलावर घेतं : चव घ्यायला उत्तम वाइन देतात, विकताना मात्र हलकी ओततात, मापात मारतात.

१४९९मध्ये स्पेनच्या राजाराणीने खुद्द सांतियागोत भव्य ओस्पिताल बांधायची आज्ञा दिली. पुढच्या शतकांत मात्र वाट ओस पडत गेली. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत उत्तर युरोपातले बरेच लोक प्रोटेस्टंट झाले आणि तिकडची गर्दी आटली. १८३०च्या दशकात स्पेनच्या सरकारने मठांच्या जमिनी जप्त करून विकल्या आणि खाटा सांभाळणारे हातच उरले नाहीत. सांतियागोतलं ते राजेशाही ओस्पिताल १९५४पासून आलिशान हॉटेल आहे.

वाट पुन्हा जागी केली ती वाटेवरच्या ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी. १९८०च्या दशकात त्यांनी पिवळ्या रंगाचे बाण रंगवत रस्ता दाखवला. १९८७मध्ये युरोप परिषदेने कामिनोला पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग ठरवलं. माणसं येऊ लागली, पण राहायला जागा तुटपुंज्या. १९९०च्या उन्हाळ्यात एका बाईंनी ओर्नियोस गावात घर भाड्याने घेतलं आणि येईल त्याला ठेवून घेतलं. स्वयंसेवक ‘ओस्पितालेरों’ची, म्हणजे मुक्काम सांभाळणाऱ्या यजमानांची, आजची परंपरा तिथून सुरू झाली. स्वतः ही वाट चाललेला माणूस साधारण पंधरा दिवस अशा मुक्कामी राहतो आणि पगार न घेता झाडलोट करतो, स्वयंपाक करतो, फोडांना पट्टी बांधतो. चालताना आपल्याला जे मिळालं ते फेडायची ही त्याची पद्धत.

पिसुएर्गा नदीकाठच्या सान निकोलास या जुन्या ओस्पितालात इटालियन स्वयंसेवक संध्याकाळी यात्रेकरूचा पाय धुतात. वीज नाही, मेणबत्त्यांचा उजेड. दिवसभर बुटात उकडलेलं, धुळीने माखलेलं पाऊल. त्यावर तांब्यातून पाणी पडतं, टॉवेलने ते टिपलं जातं आणि धुणारा वाकून त्याचं चुंबन घेतो. रोन्सेस्वाय्येसच्या काव्यातली ओळ इथे डोळ्यांसमोर घडते.

संत याकोबाचा सण रविवारी येतो ते वर्ष पवित्र मानतात; १९९३च्या अशा पवित्र वर्षी गालिसिया सरकारने सार्वजनिक मुक्काम उघडले. तिथेही आधी ऐच्छिक देणगीच होती, २००८पासून ठराविक दर आला. मागोमाग खासगी ‘आल्बेर्गे’, म्हणजे यात्रेकरूंचे मुक्काम, वाढले. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, गर्दी पेलते ती त्यांच्यामुळेच. २०२४मध्ये पाच लाखांच्या आसपास लोकांना यात्रा पुरी केल्याचं प्रमाणपत्र मिळालं. पण आधीच खाट राखून ठेवायची सवय लागली, तसा दिवसाचा टप्पा पायांऐवजी फोन ठरवू लागला, आणि पैशाने तंग असलेल्या माणसाला उन्हाळ्यात जागा मिळणं अवघड झालं. ‘दोनातिवो’ म्हणजे देणगीवरचे मुक्काम म्हणूनच टिकायला हवेत. ग्रान्योनमध्ये आजही आधी नोंदणी होत नाही. काल मुक्कामाला असलेल्यांनी पेटीत जे टाकलं, त्यातून आजच्या रात्रीचा बाजार आणला जातो.