दिव्याचे पुश बटण १२ व्होल्टवर जोडताना

आमच्याकडून दिव्याचे पुश बटण नेणारे बहुतेक ग्राहक ते बॅटरीच्या फवारणी पंपाला किंवा ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याला बसवतात. त्यातले काही जण चार दिवसांनी परत येतात. "बटणात उजेड येतो, पण पंप चालत नाही," नाहीतर "पंप चालतो, उजेडच नाही." तपासल्यावर बटण क्वचितच खराब निघते, जोडणी चुकलेली असते. कष्टाचे पैसे घालून आणलेली वस्तू पडून राहू नये, म्हणून हे पत्रक.

आमच्या पाच पिनांच्या बटणात दोन स्वतंत्र वस्तू आहेत: स्विच आणि एलईडी. आतून त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. सी (कॉमन), एनओ (बटण चालू केल्यावर सीला जुळणारी) आणि एनसी (बटण बंद असताना सीला जुळलेली) या तीन पिना स्विचच्या. प्लस-मायनस खुणेच्या दोन पिना एलईडीच्या.

आधी स्विच जोडा. बॅटरीच्या प्लसवरून निघालेली वायर फ्यूजमधून सी पिनेवर आणा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो बटणाजवळ बसवला तर मधली वायर कुठे घासून शॉर्ट झाल्यावर तिला कोणीच वाचवत नाही. एनओवरून पंपाच्या प्लसला जा, पंपाची मायनस सरळ बॅटरीच्या मायनसला. एनसी लागत नाही, पण बटण बंद असताना तिच्यावर १२ व्होल्ट असतात. तिच्यावर इन्सुलेशनची स्लीव्ह चढवाच.

आता एलईडी. तिची मायनस पिन बॅटरीच्या मायनसला जोडायची. प्लस कुठे जोडायची, ते मात्र तुम्हाला काय हवे यावर ठरते. ती एनओला जोडली तर पंप चालू असतानाच बटण उजळते. सीला जोडली तर ते सतत उजळलेले राहते, अंधारात चटकन सापडते. फवारणी पंपाला आम्ही एनओच सांगतो. एलईडी १५ मिलीअँपियर घेते असे धरा: दिवसाला ०.३६ अँपियर-तास. ८ अँपियर-तासाची भरलेली बॅटरी नुसती कोपऱ्यात ठेवली तरी २२ दिवसांत रिकामी होते, आणि लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की तिचे आयुष्य घटते. ट्रॅक्टरवर सततचा उजेड हवाच असेल, तर एलईडीची प्लस किल्लीनंतरच्या वायरवरून घ्या.

"बंद केले की उजळते, चालू केले की विझते" अशीही तक्रार येते. तिथे एलईडीची प्लस सीला आणि मायनस एनओला लागलेली असते. मायनस काढून बॅटरीच्या मायनसला न्या, काम झाले. एलईडी अजिबात लागत नसेल, तर प्लस-मायनस अदलाबदल झाली आहे का ते आधी पाहा.

बटणावरचा व्होल्टेज वाचल्याशिवाय जोडू नका. १२ व्होल्टच्या बटणात एलईडीचा करंट आवरणारा रेझिस्टर आतच असतो. रेझिस्टर नसलेल्या एलईडीला तो बाहेरून लावावा लागतो. इंजिन चालू असताना ट्रॅक्टरच्या बॅटरीवर १४.४ व्होल्टपर्यंत जातात. लाल एलईडी त्यातले साधारण २ घेते, उरलेल्या १२.४ व्होल्टसाठी १ किलोओहमचा, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर पुरतो. करंट १२ मिलीअँपियरच्या आसपास राहतो.

बटणावर "५ अँपियर, २५० व्होल्ट एसी" छापलेले असले, तरी डीसीवर, म्हणजे बॅटरीच्या करंटवर, तेवढा भार टाकू नका. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीत ती रेंगाळते, काँटॅक्ट जळतात, कधी चिकटूनच बसतात. ५५ वॉटचे दोन हॅलोजन ९ अँपियरच्या वर घेतात. असा भार रिलेवरच (थोड्या करंटने मोठा भार चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) घ्या. एनओ रिलेच्या ८६ नंबरच्या पिनेवर, ८५ मायनसला, ३० वर फ्यूजमधून आलेली जाड वायर, ८७ वरून दिवे. रिलेच्या कॉइलवर, म्हणजे ८५ आणि ८६ च्या मध्ये, ४००७ नंबरचा डायोड लावा, पांढरी पट्टी ८६ च्या बाजूला. त्याने बटणाचे काँटॅक्ट टिकतात.

पिनांना डाग देताना सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, प्लास्टिक वितळून पिन हलते. आमच्याकडचे सॉकेट घेतलेत तर डाग द्यावाच लागत नाही; पण वायरच्या रंगांवर विसंबू नका, कोणती वायर कोणत्या पिनेची ते मल्टीमीटरवर बघा. पुढून पाणी जात नाही म्हणून मागची बाजू उघडी ठेवू नका. औषधाचे थेंब तिथेच पडतात आणि पिना हिरव्या होतात.

एवढे करूनही जमले नाही, तर वायरी न कापता, जोडणी आहे तशी घेऊन या. कुठे काय लागले आहे ते पाहिले की दोष लगेच सापडतो. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.