गमी शार्कच्या ट्रिपला येताय? मग वेळेवरून भांडायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. वेस्टर्नपोर्टला, म्हणजे ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या उपसागरात, गमी शार्क धरायला आमच्या छोट्या बोटीवर जे कोणी बुकिंग करतात त्या सगळ्यांना आम्ही हा कागद पाठवतो, कारण फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो आणि तरी हेस्टिंग्जच्या रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "एवढ्या पहाटे कशाला बोलावलंत हो?"

तर आधी त्याचंच उत्तर. वेळ आम्ही ठरवत नाही, पाणी ठरवतं.

मेलबर्नमधली बरीच मंडळी पोर्ट फिलिपच्या किनाऱ्यावर फिरलेली असतात, तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर, कारण त्या बेचं तोंडच अरुंद आहे, पाणी आत येईपर्यंत परत जायची वेळ होते. वेस्टर्नपोर्टचं तसं नाही. इथे उत्तरेच्या टोकाला पाणी तीन मीटरपर्यंत चढतं-उतरतं, मैलोगणती चिखल उघडा पडतो, कडेला तिवरं, आपल्या खाडीचीच आठवण येते, फक्त थंडी जास्त आणि कोळणींचा आवाज नाही. एवढं सगळं पाणी मधल्या चॅनलमधून आत-बाहेर जातं तेव्हा करंट असा असतो की गळाच्या दोरीला लावलेलं पाव किलोचं शिसंसुद्धा तळाला टिकत नाही, गडगडत जातं, आणि आमिष तळाला नसेल तर गमी येत नाही, कारण ती खाते खेकडे, ऑक्टोपस, माकूल वगैरे तळाचं खाणं. मग भरतीची ओहोटी होताना किंवा उलट होताना पाणी जे मंदावतं, त्याच्या आधीचा आणि नंतरचा तास-सव्वा तास, तेवढाच आपला धंदा. आम्ही त्याच्या दीड तास आधी जागेवर जाऊन नांगर टाकतो. आणि ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून "दर शनिवारी सकाळी दहाला ठेवा ना" हे जमत नाही. अंधार आणि पाण्याचा बदल एकत्र आला तर फारच छान, म्हणून पहाटेच्या आणि संध्याकाळच्या ट्रिपा जास्त.

घरी कालनिर्णय लटकवलेलं असेल तर बुकिंग करताना तिथी बघा, चंद्र इथेही तोच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी वेड्यासारखं पळतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फरक थोडा, करंट कमी, मासेमारीचा वेळ जास्त. नवशिक्यांनी भांगाचीच ट्रिप घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे, उधाणाला अर्धा वेळ शिसं बदलण्यात जातो. फक्त मुंबईच्या भरतीची वेळ बघून येऊ नका, असे एक काका खरंच आले होते.

जाता जाता नावाची गंमत. हे बंदर मेलबर्नच्या आग्नेयेला आणि नाव मात्र वेस्टर्न! जॉर्ज बास १७९८ साली सिडनीहून सहा वल्हेवाल्यांसकट एका उघड्या होडीतून इथे पोचला, तेव्हा या किनाऱ्यावरच्या माहीत असलेल्या बंदरांत हेच सगळ्यात पश्चिमेचं, म्हणून ते नाव पडलं आणि राहिलं. आमची बोट त्याच्या होडीपेक्षा लहानच आहे, पण इंजिन आहे.

गमी म्हणजे मोरीच का?

हा दुसरा ठरलेला प्रश्न. शार्क आहे, खायला चांगला आहे, आणि चवीला आपल्या मोरीच्या, मुशीच्या जवळ जाणारा आहे, पण जात वेगळी. तुम्ही इथे फिश अँड चिप्सच्या दुकानात फ्लेक खाल्लं असेल ना, ते बहुतेक वेळा हेच. पाठीवर पांढरे ठिपके, अंग राखाडी-तपकिरी, आणि तोंडात टोकदार दात नाहीत, खेकड्याचं कवच चुरडायला चपट्या दातांची फरशी बसवल्यासारखी असते. दात दिसत नाहीत, नुसत्या हिरड्या वाटतात, म्हणून गमी. तरीही बोट तोंडात घालून "बघा, चावत नाही" असा व्हिडिओ काढू नका, जबडा खेकडा फोडतो, बोटाचं काय घेऊन बसलात.

ठिपके दिसले की गमी असंही नाही. स्परडॉग नावाचा एक छोटा शार्क असतो, त्यालाही पांढरे ठिपके, पण त्याच्या पाठीवरच्या दोन्ही परांच्या पुढे एकेक काटा असतो, तो लागला तर हात ठणकतो. स्कूल शार्कचे दात धारदार त्रिकोणी, नाक काचेसारखं आरपार दिसणारं आणि शेपटीचा वरचा भाग असा कापल्यासारखा की दोन शेपट्या वाटाव्यात. ओळखायचं काम आमच्यावर सोडा, पण हात लावायच्या आधी विचारा. पाकट आली तर आम्ही बोटीत घेतच नाही, दोरी कापतो, त्यावर वाद नको.

रॉड वाकला की काय करायचं

काहीच नाही. खरंच. आम्ही सर्कल हुक वापरतो, तो गोल वळलेला गळ असतो, मासा आमिष घेऊन चालायला लागला की तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तुम्ही सिनेमातल्यासारखा झटका मारलात की आमिष तोंडातून बाहेर आणि मासा गेला. आमच्याकडे सुटणाऱ्या दहातल्या सात-आठ गमी या झटक्यानेच सुटतात (मोजदाद केलेली नाही, चिडून सांगतोय). रॉड होल्डरमध्येच राहू दे, तो नीट वाकून रीळ करकरायला लागलं की शांतपणे उचला आणि गुंडाळायला लागा.

गमी वर येते तेव्हा बऱ्याचदा अगदी सहज येते, लोक म्हणतात "एवढंच?", आणि बोट दिसली की परत खाली पळते, बहुतेक नांगराच्या दोरीकडेच. शिवाय अंगाभोवती दोरी गुंडाळून घेते आणि कातडं सॅंडपेपरसारखं, म्हणून शेवटचा मीटर-दीड मीटर आम्ही ६० ते ८० पौंडांचा ताण सोसणारी जाड नायलॉन दोरी लावतो. तार लागत नाही, कापणारे दात नाहीत. आमिष म्हणजे ताजं माकूल, सॅमन, पिल्चर्ड किंवा ईलचा तुकडा. घरून चिकन आणू नका, आणणारे आणतात.

काय ठेवायचं, काय सोडायचं

व्हिक्टोरियात माणशी दोनच, गमी आणि स्कूल शार्क दोन्ही धरून दोन. माप नाकापासून घ्यायचं नसतं, शेवटच्या कल्ल्याच्या फटीपासून शेपटी जिथे सुरू होते तिथपर्यंत, ते किमान ४५ सेंमी पाहिजे. म्हणजे अख्खा मासा साधारण पाऊण मीटरचा. टेप आमच्याकडे आहे आणि निर्णय टेपचा. बोटीवर तुकडे करून देता येत नाहीत, "तेवढ्या खांडोळ्या करून द्या ना, डबा आणलाय" असं म्हणू नका, पाण्यावर असेपर्यंत शार्क तुकडे न करता ठेवावा लागतो, नाहीतर माप कसं तपासणार. मासेमारीचं लायसन्स १८ ते ६९ वयाच्या मंडळींनी ऑनलाइन काढून यायचं. आणि यारिंगा, फ्रेंच आयलंड, चर्चिल आयलंड इथे मरीन नॅशनल पार्क आहेत, तिथे गळ टाकायचा नाही, कितीही "तिकडे मासा उडाला" म्हणालात तरी.

खूप मोठी गमी आली तर ती जवळजवळ नेहमी मादी असते. ही अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, एका वेळी दहा-पंधरा, मोठ्या मादीला त्याहूनही जास्त, आणि पोटात वर्षभर वाढवते. कायदा ठेवू देतो, पण आमच्या बोटीवर मीटर-सव्वा मीटरच्या वरची परत जाते, फोटो काढा, पोट आधार देऊन धरा, शेपटीला लटकवू नका. हे पटत नसेल तर बुकिंगच्या आधी सांगा, वाईट वाटून घेणार नाही. आणि खायलाही मध्यम आकाराचीच चांगली लागते.

वास येतो तो का येतो

आपल्याकडे मोरीला वास येतो म्हणून नाक मुरडणारे बरेच. शार्कच्या मांसात युरिया असतो, मासा मेल्यावर नुसता पडून राहिला की त्याचा अमोनिया होतो, तोच तो वास. म्हणून ठेवायची ठरली की आम्ही लगेच रक्त काढतो, पोट साफ करतो आणि बर्फ-खाऱ्या पाण्यात टाकतो, या दहा मिनिटांत तुमचं रात्रीचं जेवण ठरतं. तेवढ्यात सेल्फीसाठी मासा उन्हात ठेवा म्हणू नका. तुम्ही मोठा आइसबॉक्स आणा, सुपरमार्केटच्या पिशवीतून शार्क घरी नेऊ नका, गाडीची सीट आणि घरचं वातावरण दोन्ही बिघडतं. घरी गेल्यावर उकळतं पाणी ओतून कातडं खरवडलं की सुटतं. काटे नाहीत, मधे फक्त कुर्चा, त्यामुळे लहान मुलं आवडीने खातात. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण आणि मालवणी मसाला घालून मोरीचं मटण करतात तसं करा, ते सगळ्यात भारी लागतं.

फक्त एक, शार्कमध्ये पारा जास्त असतो. इथल्या सरकारी सल्ल्याप्रमाणे मोठ्यांनी आठवड्यातून एकदाच, साधारण १५० ग्रॅम, आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नको. गरोदर बायका, बाळाचा विचार करणाऱ्या आणि लहान मुलं यांनी पंधरा दिवसांतून एकदा आणि त्या पंधरवड्यात दुसरा मासा नको. म्हणजे दोन गमी घरी नेल्या तर शेजारीपाजारी वाटा, फ्रीझर भरून रोज खाऊ नका.

येताना

बोटीवर टॉयलेट नाहीये, आधीच सांगतोय. आजी-आजोबा भारतातून आलेत म्हणून त्यांना घेऊन येणार असाल तर दोन तासांची छोटी ट्रिप घ्या, आणि तेही त्यांनी स्वतः हो म्हटलं तर, पेंग्विन बघायला फिलिप आयलंडला नेणं वेगळं आणि हे वेगळं. लाइफ जॅकेट रॅम्पवर घालायचं आणि रॅम्पवर काढायचं. जानेवारीतसुद्धा जाड जॅकेट आणा. पोहे, पराठे, चहाचा थर्मास, काय आणायचं ते आणा, पण केळं नाही. इथल्या दर्यावर्दी लोकांत केळं अपशकुनी मानतात, आम्ही मानत नाही, पण एकदा वेफर्स चालवून घेतले आणि त्या दिवशी पाच तासांत एक पाकट मिळाली, तेव्हापासून उपवासवाल्यांनी साबुदाणा आणावा.

रिकाम्या हातानेही परत यावं लागतं. त्याचे पैसे परत नाहीत, कारण डिझेलला मासा मिळाला की नाही ते कळत नाही. वाऱ्यामुळे आम्ही रद्द केलं तर मात्र पूर्ण पैसे परत किंवा दुसरी तारीख. १५ नॉटच्या (ताशी साधारण २८ किमीच्या) वर वारा सांगितला असेल तर आम्ही निघत नाही, त्यातून वारा करंटच्या विरुद्ध असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, बोट आपटत राहते. अंदाज आम्ही आदल्या संध्याकाळी शेवटचा बघतो आणि सातपर्यंत मेसेज टाकतो. मेसेज नाही आला तर ट्रिप आहे, आणि मग रॅम्पवर दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी, कारण ट्रेलर लावायला जागा शोधावी लागते आणि पाणी आपल्यासाठी थांबत नाही.