बातम्या आणि मालिका एकाच परीक्षेत कशा आल्या?

इंग्लंडमधल्या ओसीआर या परीक्षा मंडळाच्या ए लेव्हल (आपल्या बारावीच्या तोडीच्या) मीडिया स्टडीजमध्ये पहिल्या पेपरात बातम्या येतात आणि दुसऱ्यात दीर्घ टीव्ही मालिका. विद्यार्थी साहजिकच दोन वह्या करतात: बातमी म्हणजे घडलेलं, मालिका म्हणजे रचलेलं. गंमत अशी, की हे दोन्ही घटक एका विषयात आले ते ही विभागणी न पटलेल्या माणसांमुळे. त्यांचा वाद काय होता हे कळलं, की पेपरातल्या प्रश्नांचा रोखही कळतो.

सुरुवात संशयातून झाली. १९३३ मध्ये साहित्य समीक्षक एफ. आर. लिव्हिस आणि शिक्षक डेनिस थॉम्पसन यांनी शिक्षकांसाठी एक पुस्तक लिहिलं. जाहिराती, खपाऊ वर्तमानपत्रं, स्वस्त कादंबऱ्या यांचे उतारे वर्गात वाचायचे, पण ते कशासाठी, तर मुलांना त्यांची भुरळ पडू नये म्हणून. रोगाची लस टोचावी तसा हा अभ्यास होता. माध्यमं वर्गात आली, पण आरोपी म्हणून. पुढची तीन-चार दशकं ब्रिटिश शिक्षणावर या वृत्तीची छाया राहिली.

दरम्यान टीव्ही आला आणि बातमीत अभिनय किती असावा, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला. ५ जुलै १९५४ रोजी बीबीसी टेलिव्हिजनचं बातमीपत्र सुरू झालं, तेव्हा वाचणाऱ्याचा चेहराच दाखवला नव्हता. पडद्यावर नकाशे आणि छायाचित्रं होती, मागून फक्त आवाज. चेहऱ्यावरची एखादी छटासुद्धा बातमीला रंग देईल, ही भीती होती. आयटीव्ही या व्यापारी वाहिनीसाठी नेमलेली आयटीएन ही वृत्तसंस्था २२ सप्टेंबर १९५५ रोजी सुरू झाली, आणि त्या स्पर्धेच्या तोंडावर बीबीसीचे निवेदक पडद्यावर दिसू लागले. निःपक्षपातीपणाची अट आयटीव्हीलाही १९५४च्या कायद्यानेच घातली होती. वर्तमानपत्रांवर असं कायदेशीर बंधन तेव्हाही नव्हतं, आजही नाही. उत्तरपत्रिकेत हा फरक फार वेळा निसटतो. परीक्षेतली ‘डेली मेल’ आणि ‘गार्डियन’ ही दोन पत्रं उघडपणे बाजू घेऊ शकतात. टीव्हीच्या बातमीला ती मुभा नाही आणि तिच्यावर ऑफकॉम या नियामकाची नजर असते.

दुसऱ्या बाजूने नाटक बातमीकडे सरकत होतं. बीबीसीचं ‘द वेन्सडे प्ले’ हे सदर १९६४ मध्ये सुरू झालं. दर आठवड्याला नवं, स्वतंत्र टीव्ही नाटक, आणि वेळ बातम्यांच्या लगेच नंतरची. या वेळेचा उपयोग सगळ्यात धीटपणे झाला तो १६ नोव्हेंबर १९६६ रोजी, ‘कॅथी कम होम’मध्ये. एक तरुण जोडपं, त्यांची मुलं, एकामागून एक सुटत गेलेली घरं आणि शेवटी ताटातूट, एवढीच कथा. पण दिग्दर्शक केन लोच यांनी कॅमेरा स्टुडिओबाहेर खऱ्या वस्त्यांमध्ये नेला, आणि कथेच्या मध्येच घरटंचाईची आकडेवारी ऐकवणारे आवाज घातले. नुकत्याच संपलेल्या बातम्याच पुढे चालू आहेत असं प्रेक्षकांना वाटावं, हीच निर्मात्यांची इच्छा होती. सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी ते पाहिलं.

या प्रसारणामुळे ‘शेल्टर’ ही बेघरांसाठीची संस्था स्थापन झाली, असं विद्यार्थी हमखास लिहितात. शेल्टर १ डिसेंबर १९६६ रोजी लोकांसमोर आली हे खरं, पण तिची तयारी आधीपासून चालू होती. नाटकाने तिला हवा दिली. माध्यमांचा परिणाम मोजताना हा फरक पाळावाच लागतो. नाटकानंतर एखादी गोष्ट घडली म्हणजे ती नाटकामुळेच घडली, असं होत नाही.

आता वळायचं बर्मिंगहॅमकडे, कारण या विषयाचा कणा तिथे तयार झाला. रिचर्ड हॉगार्ट यांनी १९६४ मध्ये तिथल्या विद्यापीठात समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र काढलं. सामान्य कामगार कुटुंबं काय वाचतात, काय पाहतात, याकडे नाक न मुरडता बघायचं, ही त्यामागची भूमिका. १९६८ पासून केंद्राची सूत्रं स्टुअर्ट हॉल यांच्याकडे आली. जमैकात वाढलेल्या हॉल यांनी १९७३ मध्ये लिहिलेला एक निबंध आजही दर वर्षीच्या उत्तरपत्रिकांत डोकावतो. त्यातले तीन प्रकारचे वाचक सगळ्यांना पाठ असतात: सांगितलेला अर्थ जसाच्या तसा मान्य करणारा, काही घेऊन काही सोडणारा आणि तो अर्थच नाकारणारा. मला त्याच्याही आधीचा मुद्दा अधिक मोलाचा वाटतो. हॉल म्हणतात, कच्ची घटना जशीच्या तशी टीव्हीवरून पोचवता येत नाही. पोचवायची तर आधी तिची ‘गोष्ट’ व्हावी लागते.

दोन वह्यांमधली भिंत पडते ती इथे. बातमीलाही सुरुवात लागते, पात्रं लागतात, कोणाची बाजू आधी मांडायची हे ठरवावं लागतं. ती खोटी असते असं हॉल म्हणत नाहीत. ती रचलेली असते, आणि म्हणून मालिकेसारखीच वाचता येते, एवढंच त्यांचं म्हणणं.

याचा ठोस पुरावा ग्लासगोहून आला. तिथल्या विद्यापीठातल्या अभ्यासगटाने १९७५ मधल्या अनेक आठवड्यांच्या टीव्ही बातम्या रेकॉर्ड केल्या आणि एकेक दृश्य, एकेक वाक्य तपासलं. रोख होता संपांच्या बातम्यांवर. व्यवस्थापनाचा माणूस शांत कार्यालयात, टेबलामागे बसून बोलतो. कामगार दारावरच्या गोंगाटात, धक्काबुक्कीत, मायक्रोफोनपुढे ओरडून उत्तरं देतो. शब्द निःपक्षपाती असले तरी कॅमेरा कुठे ठेवला यावरून कोण समंजस आणि कोण आडमुठा हे ठरून जातं. १९७६ मध्ये हे निष्कर्ष पुस्तकरूपाने आले, तेव्हा वृत्तविभागांना ते चांगलेच झोंबले. नाटकाच्या समीक्षेतली ‘दृश्यरचना’ इथे बातमीला लावली होती. तोवर बातमीकडे असं क्वचितच कोणी इतक्या चिकाटीने पाहिलं होतं.

त्याच सुमारास, १९७४ मध्ये, केंब्रिजला नाट्यविषयाचे प्राध्यापक असलेल्या रेमंड विल्यम्स यांनी टीव्हीच्या ‘प्रवाहा’ची कल्पना मांडली. बातमी, जाहिरात, मालिका असे सुटे तुकडे आपण पाहत नाही. संध्याकाळभर वाहणारी एक धार पाहतो.

हे विचार शाळेत पोचले ते मात्र मागच्या दाराने. त्या काळी सोळाव्या वर्षी द्यायच्या सीएसई या शालेय परीक्षेत एक सोय होती: शिक्षकाने अभ्यासक्रम स्वतः आखायचा, परीक्षाही स्वतः घ्यायची, मंडळाने फक्त तपासणी करायची. काही इंग्रजीच्या शिक्षकांनी तिचा फायदा घेऊन चित्रपट आणि टीव्ही वर्गात आणले. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या शिक्षण विभागाने त्यांना साहित्य पुरवलं. १९८१ मध्ये तर १९६० पासून चालू असलेल्या ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेवर अभ्यासग्रंथ काढला. अशा लोकप्रिय मालिकेला इतक्या गंभीरपणे घेणं तेव्हा अनेकांना थट्टेचं वाटलं. माध्यमशिक्षणाचे अभ्यासक लेन मास्टरमन यांनी १९८० आणि १९८५ च्या पुस्तकांत लिव्हिसची लस बाजूला ठेवली. कार्यक्रम चांगला की वाईट हे सोडा, तो कोणी बनवला, कोणासाठी, काय गाळून, हे विचारा, असा त्यांचा आग्रह होता. आजच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत मास्टरमन यांचं हे वळण दिसतं, त्यांचं नाव नसलं तरी.

पुढे जीसीएसई (आपल्या दहावीच्या तोडीची परीक्षा) आणि ए लेव्हलमध्ये विषय रुळला, आणि ‘हलका विषय’ हा शिक्काही त्याच्यावर बसला. अभ्यासक्रम जड करण्याची मोहीम आली तेव्हा तो वाचला, पण बदलून. सप्टेंबर २०१७ पासून शिकवल्या जाणाऱ्या नव्या रचनेत चार चौकटी पक्क्या झाल्या: माध्यमाची भाषा, चित्रण, उद्योग आणि प्रेक्षक. ए लेव्हलसाठी विचारवंतांची यादी नेमून दिली गेली. हॉल यांचं नाव तीत दोनदा येतं, चित्रणासाठी एकदा आणि प्रेक्षकांसाठी एकदा. यादीमुळे विषयाला वजन आलं, पण नावं पाठ करण्याची सवयही लागली. ग्लासगोच्या लोकांनी टेपसमोर बसून जे केलं, ते कोणत्याही यादीने शिकवता येत नाही.

नेमलेल्या कार्यक्रमांत जुनं-नवं शेजारी ठेवण्याची पद्धत मला आवडते. ओसीआरच्या जीसीएसईत सुरुवातीला १९६५ ची ब्रिटिश हेरमालिका ‘द अव्हेंजर्स’ आणि २०१५ ची पोलीस मालिका ‘कफ्स’ अशी जोडी होती. बातम्यांत ‘ऑब्झर्व्हर’ची १९६० च्या दशकातली पानं आणि आजचा अंक. ए लेव्हलच्या मालिकांत ‘बोर्गन’ ही डॅनिश मालिका आली, आणि तिच्यात राजकारणाइतकीच जागा वृत्तवाहिनीच्या न्यूजरूमला आहे.

जानेवारी २०२४ मध्ये याच इतिहासात आणखी एक पान जोडलं गेलं. ब्रिटनच्या पोस्टाच्या ‘होरायझन’ या सदोष संगणक प्रणालीमुळे शेकडो उपडाकपालांवर चोरी आणि अफरातफरीचे खटले झाले होते. ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने हे २००९ मध्येच छापलं होतं. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा एकाच दिवशी रद्द केली. या सगळ्याच्या बातम्या झाल्या, आल्या आणि गेल्या. मग आयटीव्हीने १ ते ४ जानेवारी या चार रात्री याच प्रकरणावरची ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ ही नाट्यमालिका दाखवली. १० जानेवारीला पंतप्रधानांनी संसदेत या उपडाकपालांना निर्दोष ठरवणाऱ्या नव्या कायद्याची घोषणा केली आणि २४ मे २०२४ रोजी तो मंजूर झाला. खटले जुने होते, पुरावे जुने होते. नवं होतं ते एवढंच, की घटनेची गोष्ट झाली होती.