पूल हसलर (नागपूर)

पूल किंवा स्नूकरच्या टेबलावर स्वतःचा खरा खेळ झाकून पैजेवर खेळणारा आणि त्या पैशांवर गुजराण करणारा खेळाडू. हा धंदा अमेरिकेतल्या पूल हॉलमध्ये रुजला. नेड पोल्स्की या समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या अशा खेळाडूंचा जवळून अभ्यास केला. अवघड फटका येत असूनही तो न मारण्याचा संयम हसलरला पाळावाच लागतो, असे त्याला आढळले. नागपुरातही सगळी कमाई या संयमावरच उभी असते.

स्नूकर तर नागपूरच्या शेजारचाच खेळ. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने तो सुरू केला असे मानले जाते, आणि जबलपूर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होते. स्नूकरचे टेबल १२ फूट लांब व ६ फूट रुंद, पूलचे बहुधा ९ किंवा ८ फुटी. मोठ्या टेबलावर हात बसलेल्याला पूलची रुंद पॉकेट (बॉल पडायची भोके) सोपी जातात; हसलर ते बोलून दाखवत नाही.

दिवस उशिरा सुरू होतो. शटर नुकते वर गेलेले असते, मार्कर (टेबले सांभाळणारा नोकर) कापडाला ब्रश मारत असतो, तेव्हा तो येतो आणि रिकाम्या पार्लरमध्ये तासभर सराव करतो. दिवसभरात मनापासून खेळला जाणारा खेळ एवढाच, आणि तो पाहणारा एकटा मार्कर. टेबलाची पारख याच वेळी होते: कोणत्या कोपऱ्याकडे बॉल ओढतो, कोणती कुशन (टेबलाची रबरी कड) मेली आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कूलर चालू होतात आणि त्यांच्या ओलसर हवेने कापड जड होऊन बॉल आखडतो. एसी लावलेल्या पार्लरमधून आलेल्या खेळाडूचे फटके इथे तोकडे पडतात. हसलरचा हात मात्र सरावातच त्या वेगाला लागलेला असतो.

दुपारी लेक्चर बुडवून आलेली पोरे जमतात. ‘लावतो का बे एक फ्रेम? हरला तो टेबलचे पैसे देईन,’ इथून सुरुवात होते. स्वतःची क्यू (खेळायची काठी) हसलर आणत नाही. स्टँडवरची, टोकाची टिप झिजलेली उचलतो. पहिल्या एक-दोन फ्रेम, म्हणजे डाव, हरायच्या असतात. ज्यावर डाव संपतो तो आठ नंबरचा काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी बोटभर अंतरावर नेऊन थांबवायला, तो आत घालण्यापेक्षा अधिक सफाई लागते. मग रक्कम वाढते आणि तो जिंकू लागतो, पण थोडक्यात, नशिबाने जिंकल्यासारखा. जाणकार बघ्याला तरी तो फसवू शकत नाही, कारण जाणकाराची नजर पॉकेटमध्ये गेलेल्या बॉलवर नसते, क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलवर असते. हा पांढरा बॉल प्रत्येक फटक्यानंतर पुढच्या बॉलच्या सरळ मागे येऊन थांबू लागला की समजायचे.

रात्री हिशेब होतो. टेबलचे भाडे, हसलरवर पैसे लावणाऱ्याचा वाटा, मार्करच्या हातावर ठेवायचे ते, असे जाऊन उरते ते बेताचेच. काही दिवशी पदरचेही जातात. बुडालेल्या पैजेला दाद नाही. केवळ कौशल्याच्या खेळांना १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातून कलम १३ ने वगळले आहे खरे, पण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य ठरतो, म्हणजे ते पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत. त्यामुळे रक्कम खेळाआधीच मार्करकडे ठेवतात. ज्याचे पैसे गेले तो बहुतेकदा महिन्याच्या खर्चातून खेळणारा विद्यार्थी असतो, आणि या धंद्याकडे कौतुकाने पाहताना ते विसरता येत नाही.

सर्वांत मोठे नुकसान खेळाचे होते. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद मिळवले. वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय मानले जातात. हसलरला मात्र अशा स्पर्धेची वाट जवळजवळ बंदच असते. पेपरात फोटो आला की पैज लावायला कोण उभे राहणार? नाव न होताही शहर त्याला ओळखू लागते, धरमपेठेत हरलेला पोरगा सदरमध्ये सांगतो. मग अमरावती, वर्धा, चंद्रपूरच्या बस सुरू होतात. तिथेही चेहरा माहीत झाला की काही जण मार्कर होतात, काही जण नवख्यांना शिकवू लागतात. शिकवताना त्यांना पहिल्यांदाच पूर्ण ताकदीने फटका मारून दाखवता येतो.